नकाशा वाटून टाकणारी पोट्टी

प्रज्ञा आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा मी तिचं ओळखपत्र दोनदा पाहिलं, एकदा चष्म्याशिवाय आणि एकदा चष्मा लावून. नाव बरोबर होतं, फोटोही तिचाच होता. तरी माझं समाधान झालं नाही. फेब्रुवारीचा शेवट, भर दुपार. तालुक्याच्या गावाहून, सावलीहून, येणारी बस आमच्या फाट्यावर सोडते, तिथून दोन किलोमीटर पायी आलेली पंचवीसेक वर्षांची एकटी मुलगी. पाठीवर बॅग, बगलेत कागद ठेवायची लांब नळी. आणि म्हणते काय, तर दोन-अडीच महिने खोली पाहिजे. आमच्या गावात दोन महिने राहायला बाहेरचं माणूस येतं ते एक तर पुलाच्या कामावर, नाहीतर काहीतरी लपवायला.

मी जमीन मोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. गावात मला मोजणीभाऊ म्हणतात. उभा जन्म लोकांच्या शेतांचे धुरे, म्हणजे बांध, मोजण्यात गेला. सख्खे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात आणि दुसऱ्या दिवशी धुऱ्यावरचा दगड हातभर सरकलेला असतो, हे इतक्या वेळा पाहिलं की कोणाच्या गोड बोलण्यावर माझा विश्वास बसत नाही. माझी बायको सुमन म्हणते, मी दूधवाल्याकडेही आरोपी असल्यासारखं पाहतो. पाहतो. दूध पातळ असतं.

"कुठली म्हणालीस?" मी विचारलं.

"भद्रावतीची. बाबा फॅक्टरीत होते. आम्ही तिथंच कॉलनीत वाढलो."

"अन् शिकतेस कुठी?"

तिनं दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजचं नाव सांगितलं. पदवी झाली होती, आता पुढचं शिक्षण, विषय डिझाइन.

"म्हणजे कपड्याचं?" सुमननं विचारलं.

"नाही काकू, वस्तूंचं. लोकांच्या कामाच्या वस्तू."

"मग इथी कोणती वस्तू बनवशीन?"

"ते अजून माहीत नाही. राहिल्यावर कळेल."

काय करायचं ते माहीत नसताना माणूस घर सोडून इतक्या लांब येतं, हे मला काही पटलं नाही. खोली दिली ती सुमननं. मी कॉलेजच्या पत्रावरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी "हो, आमचीच विद्यार्थिनी" असं इतक्या पटकन सांगितलं की माझा संशय आणखी वाढला.

तिच्या सवयी मी पहिल्या आठवड्यातच हेरल्या. ती उभ्यानं चहा प्यायची. कोणतीही वस्तू हातात आली की ती उलटी करून खालून पाहायची, मग तो आमचा तवा असो की शेजारच्यांचं सूप. "हे असं काऊन?" हा तिचा ठरलेला प्रश्न, आणि उत्तर आलं की जसंच्या तसं वहीत. सुमननं एकदा "आमच्या सासूबाई असंच करत" एवढंच सांगितलं, तर तेही तिनं लिहून घेतलं. फोटो काढायची तिची तऱ्हा तर जगावेगळी होती. आधी आपला मोबाइल समोरच्या बाईच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "पहिले तुम्ही माझा काढा." बाई हसत, लाजत, बोट चुकवत तिचा एक वाकडातिकडा फोटो काढायची. मगच ही मोबाइल आपल्या हातात घ्यायची. आणि घेतल्यावर फोटो काढायची कशाचा, तर बाईच्या गुडघ्याचा. टाचेचा. बोटांचा. चेहऱ्याचा एकही नाही.

"चेहरा काऊन नाई काढत?" मी विचारलं.

"चेहरा द्यायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं, काका. काम हातपायच करतात."

पायांचे फोटो काढणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. जंगलात पावलांचे ठसे ओळखणारे लोक असतात, एवढं मला माहीत होतं. माझं डोकं कुठल्या कुठं धावायला लागलं.

एक दिवस ओसरीवर बसल्या बसल्या ती मला म्हणाली, "काका, तुम्ही दारातून आत जाताना डावा खांदा खाली घेता. दार उंच आहे, तरी." मी उठून आत गेलो आणि खरंच डावा खांदा खाली गेला. लहानपणीचं घर बुटकं होतं, त्या दारापाशी वाकावं लागे. मला कोणी असं पाहिलं नव्हतं. मी तिच्यावर नजर ठेवून होतो आणि तीही माझ्यावर, हे त्या दिवशी कळलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

मार्च लागला, मोहफुलं पडायला लागली. आमच्याकडे मोहफूल वेचणं म्हणजे अर्ध्या वर्षाचा आधार. फुलं पहाटे पडतात, म्हणून बाया उजाडता उजाडता जंगलात जातात. झाडं जंगलातली, पण कोणतं झाड कोणाचं हे गावाला आजा-पणजापासून ठाऊक. कागदावर कुठंही नाही. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. झाडाखालचा पाला आधी थोडा जाळून जागा काळी करतात, म्हणजे पिवळी फुलं नजरेत भरतात. हे जाळणं कायद्यात बसत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक. आणि तिसरी गोष्ट वाघ. वेचणारी बाई वाकलेली असते, मान खाली असते. मागच्या साली शेजारच्या गावची एक बाई फुलं वेचता वेचता गेली. टोपली अर्धी भरलेली होती म्हणतात.

प्रज्ञा रोज पहाटे गिरजाबाईसोबत जायला लागली. गिरजाबाई आमच्या घरामागं राहणारी, विधवा, साठीला आलेली, तोंडानं फटकळ. तिच्या दोन झाडांपलीकडे माझीही दोन आहेत. तेव्हा एक दिवस आपल्या झाडांना पाहायचं निमित्त करून मीही मागं निघालो. तो अख्खा दिवस मी तिच्या पाळतीवर घालवला, हे कबूल करतो.

उजाडलं तेव्हा बाया वेचत होत्या आणि ही पळसाच्या बुंध्याशी उभी राहून वहीत रेघा मारत होती. गिरजाबाईनं मान वर केली की एक रेघ. मला वाटलं, फुलं मोजते आहे. म्हणजे उद्या कोणी येऊन सांगणार, इतकंच वेचायचं. मग तीही वाकली आणि वेचायला लागली. तासाभरानं कंबर धरून उठली, घड्याळ पाहिलं, वहीत लिहिलं. आठ वाजता ती चक्क गिरजाबाईच्या झाडाखाली उभी राहून जोरात ओरडली, "ओ शशीबाईऽऽ!" पलीकडच्या झाडाखाली वेचणाऱ्या शशीबाईची ओ आली. मग दुसऱ्या झाडाखाली गेली, पुन्हा ओरडली. असं दहा-बारा झाडांखाली. मी झुडपात बसलो होतो. काळे कपडे घालून आलो असतो तर तिला अस्वलच वाटलो असतो. घरी आल्यावर फुलं वाळत घालताना तिनं चार बायांच्या हाताची वीत मोजली. दुपारी झोपली नाही, ओसरीवर जुन्या लुगड्याचं काहीतरी शिवत बसली. चारला पुन्हा जंगलाकडे, यावेळी एकटी, पावलं मोजत. मी मोजणीवाला, पावलं मोजणाऱ्याची चाल लांबून ओळखतो. संध्याकाळी जेवताना सुमननं विचारलं, "दिवस कसा गेला?" तर म्हणाली, "बरा गेला काकू. काकाही होते सोबत." मी घाईघाईनं वरण मागितलं.

ते लुगड्याचं शिवलं होतं ती कमरेला बांधायची पिशवी होती. वेचायचं आणि तिथल्या तिथं कमरेच्या पिशवीत टाकायचं. टोपलीपर्यंत सारखं उठून जायचं काम नाही. तिनं मोठ्या उमेदीनं ती गिरजाबाईला बांधली. दोन दिवसांनी गिरजाबाईनं ती आमच्या ओसरीवर आणून टाकली.

"तुह्या पिशवीनं मरीन मी एखाद दिवशी."

"काऊन बाई? दुखलं का कुठी?"

"दुखलं नाई. पण टोपलीपाशी जा लागते म्हणून उठणं होते, अन् उठणं होते म्हणून आजूबाजूले पाहणं होते. तुह्या पिशवीनं उठणंच बंद केलं. मग वाघ आलेला दिसन कवा?"

दुसरी कोणी असती तर समजावत बसली असती. हिनं वही काढून तेच वाक्य लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि कात्रीनं पिशवीची शिवण उसवायला घेतली. "चार दिवस गेले पोट्टीचे," सुमन हळहळली. मलाही क्षणभर वाईट वाटलं. पण मनात दुसरा विचार आलाच. इतक्या सहज आपलं काम उसवते, म्हणजे हिचं खरं काम दुसरंच असलं पाहिजे.

त्या खऱ्या कामाचा शोध मी एका रविवारी लावला. ती भद्रावतीला आईकडे गेली होती. झाडायच्या निमित्तानं मी तिच्या खोलीत गेलो. झाडू हातात होता, तेवढाच काय तो खरेपणा. टेबलावर ती नळी होती. मी टोपण काढलं.

चार मोठे कागद जोडून केलेला नकाशा होता तो. आमच्या जंगलाचा. प्रत्येक मोहाला एक गोल, गोलात कुटुंबाचं नाव. झाडाखाली जाळलेली जागा काळ्या पेन्सिलनं भरलेली. आणि काही झाडांना काही झाडं जोडणाऱ्या तांबड्या रेघा. मी माझ्या दोन झाडांमधलं अंतर पाहिलं. नुसत्या पावलांनी मोजून पोरीनं काढलं होतं आणि ते हातभरही चुकलं नव्हतं. मोजणीतला माणूस म्हणून माझा ऊर भरून आला. गावातला माणूस म्हणून मी आधी दार लोटून घेतलं. जे पिढ्यान् पिढ्या कागदावर नव्हतं ते आता कागदावर होतं. कोणी जाळलं, कुठं जाळलं, नावासकट. हा कागद जंगलवाल्यांच्या, म्हणजे वनखात्याच्या, हाती पडला तर त्यांना आणखी काही विचारायची गरज नव्हती.

तेव्हा मी काय करायला पाहिजे होतं? ती आल्यावर तिला समोर बसवून विचारायला पाहिजे होतं. मी केलं काय, तर नकाशा होता तसा गुंडाळून ठेवला आणि पानठेल्यावर गेलो. तिथं चार माणसांत आवाज खाली करून सांगितलं, "पोट्टी जंगलवाल्यांची आहे. सगळ्या झाडाईचा नकाशा काढून ठेवला तिनं. नावं हायेत आपली."

प्रज्ञा सोमवारी परतली. मंगळवारी पहाटे ती गिरजाबाईच्या दारात गेली तर गिरजाबाई निघून गेलेली. शशीबाईनं दार उघडलं नाही. दुपारी तिनं मोबाइल पुढं केला तर एका बाईनं हात मागं घेतला. ती घरी आली, उभ्यानंच चहा प्यायली आणि सुमनला म्हणाली, "काकू, माझं काही चुकलं का?" सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो. तो आदल्या दिवशीचा होता.

पाचच दिवसांत टेकडीकडच्या अंगाला वणवा लागला. कोणी लावला, कसा लागला, आजवर कोणाला कळलं नाही. दोन दिवस धूर होता. तिसऱ्या दिवशी सकाळी जंगलवाल्यांची जीप आमच्या दारात उभी. साहेब तरुण होते, बोलायला नरम. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुमच्याकडे राहतात त्या मॅडमनी झाडांचा नकाशा केला आहे असं ऐकलं."

ऐकलं! पानठेल्यावरचं बोलणं कुठून कुठं गेलं होतं. वणवा लागला त्या बाजूची पहिली दोन झाडं गिरजाबाईची. नकाशात त्यांच्याखाली काळं भरलेलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो आणि मला कळत होतं, गिरजाबाईच्या गळ्यात हे लोढणं कोणी अडकवलं ते. प्रज्ञानं नाही. मी.

"आहे," प्रज्ञा म्हणाली. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. मी तर म्हटलंच असतं.

"आम्हाला बघायला मिळेल? चौकशीला मदत होईल. तुमच्या कामाला आमच्याकडून पत्रही देता येईल."

"तो माझ्या एकटीचा नाही सर. ज्यांची नावं त्यात आहेत त्यांचा आहे. त्यांना विचारते. संध्याकाळी सांगते."

साहेब उठले. मग "संध्याकाळी येतो" म्हणून गेले.

ती खोलीत गेली. मी दारापाशी घुटमळलो. आतून कागदावर पातं फिरल्याचा आवाज आला. डोकावून पाहिलं तर नकाशा जमिनीवर पसरलेला आणि ती पट्टी लावून तो कापत होती. घाईनं नाही. एकेक कुटुंबाची झाडं वेगळी होतील अशी, धुऱ्याधुऱ्यानं. दोन महिन्यांची पहाट त्या कागदात होती. परीक्षेला दाखवायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, हे मला सुमननं आधीच सांगितलं होतं. ओठ घट्ट मिटलेले होते. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून तिनं मान वळवली आणि खांद्याला पुसलं. मला आत जाऊन तिचा हात धरावासा वाटला. मी ओसरीवर येऊन बसलो.

मग ती तुकडे घेऊन घरोघर गेली. पहिलं घर गिरजाबाईचं. मी कुंपणापलीकडून ऐकत होतो, सवयच ती.

"बाई, हे तुमचे दोन झाडं. मी विचारल्याबिगर लिहिलं, माझी चूक झाली. हे तुमच्याजवळ ठेवा, नाहीतर चुलीत घाला."

गिरजाबाईनं तुकडा घेतला नाही. "अन् ह्या तांबड्या रेघा कायच्या?"

"तुमच्या झाडाखालून हाक मारली तर ती कोणाच्या झाडापर्यंत ऐकू जाते, त्या रेघा. तुमची हाक शशीबाईला जाते अन् मोजणीभाऊंच्या झाडापर्यंत जाते. त्या दिवशी ओरडून पाहिलं होतं ना? ज्यांची हाक एकमेकींना जाते त्या बायांनी एका वेळेला वेचलं, तर एक वाकलेली असताना दुसरी उभी राहू शकते. वस्तू काहीच लागत नाही. मी उगाच पिशव्या शिवत बसले होते."

गिरजाबाईनं तुकडा हातात घेतला. "हे तू वाघासाठी करून राह्यली होती?"

"हो."

"मग सांगितलं काऊन नाई व पोट्टी?"

"सांगायला आले होते. तुम्ही आधीच निघून गेल्या होत्या."

त्यानंतर मोबाइल गिरजाबाईच्या हातात देऊन प्रज्ञानं त्यात काढून ठेवलेले नकाशाचे सगळे फोटो तिच्याच बोटानं पुसायला लावले. गिरजाबाईला वाचता येत नाही. पण बटण कोणतं दाबायचं ते तिनं दोनदा विचारून घेतलं आणि मग दाबलं.

संध्याकाळी साहेब आले. "नकाशा?"

"वाटून टाकला सर. ज्याचं त्याला."

साहेब चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी टोपी हातात घेतली, फिरवली, परत डोक्यावर ठेवली. "तुमचं नुकसान झालं मॅडम," एवढंच म्हणाले. वणव्यासाठी गावातल्या कोणाचंही नाव लागलं नाही. शेवटचा तुकडा तिनं मला आणून दिला, माझ्या दोन झाडांचा. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

त्यानंतर आठवडाभर ती राहिली. बायांनी तिला पुन्हा जंगलात नेलं, कोणी मोहाच्या भाकरी आणून दिल्या. त्या सालापासून आमच्या बाया हाकेच्या अंतरानं वेचतात. शशीबाईची हाक आली की गिरजाबाई कंबर सरळ करून उभी राहते. कोणाला हे शिकवावं लागलं नाही आणि कोणी त्याला डिझाइन म्हणत नाही.

ती निघाली त्या दिवशी मी तिला स्कूटरवर सावलीच्या बसस्टँडला सोडायला गेलो. वाटभर वाक्य जुळवत होतो. चंद्रपूरची बस लागलेली होती. मी तिची बॅग हातातून सोडत नव्हतो.

"प्रज्ञा," मी म्हणालो, "ते नकाशाचं गावात... ते माझ्यामुळं झालं. मी तुह्या खोलीत गेलो होतो."

"माहीत आहे काका."

"कवापासून?"

"सोमवारपासूनच. भद्रावतीहून आले तेव्हा नळीचं टोपण सैल होतं."

"मग माझ्याच घरी राहिलीस काऊन? कोणाले सांगितलं काऊन नाई?"

तिनं बॅग माझ्या हातातून घेतली. चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुमच्या जागी मी असते तर मलाही संशय आला असता," ती म्हणाली. "पण मी तुम्हाला विचारलं असतं."

बस भरलेली होती. तिला खिडकी मिळाली होती, पण एका म्हातारीला जागा देऊन ती उठली आणि उभ्या माणसांत दिसेनाशी झाली. मी बस वळेपर्यंत थांबलो. तिची परीक्षा झाली का, कॉलेजात तिनं काय दाखवलं, वर्ष वाया गेलं का, मला माहीत नाही. तिचा नंबर सुमनकडे आहे.

घरी आलो तर सुमननं विचारलं, "जाताना काही बोलली का?"

"नाही," मी म्हणालो.